पोटात स्पीकर, पण विजेचा नव्हे

रेझोनेटर गिटार पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "हिला प्लग कुठे लावायचा?" त्याचा दोष नाही. पोटावर भोकाभोकांची धातूची जाळी, जुन्या रेडिओला शोभेल अशी. आत स्पीकर असणारच असं वाटतं. एका अर्थाने तो आहेही, फक्त त्याला वीज लागत नाही.

"ही मुळातच इलेक्ट्रिक गिटार आहे"

नेमकं उलटं. 1920 च्या दशकात अमेरिकेत बँडमधल्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात गिटार कुणाला ऐकूच जाईना. लॉस एंजेलिसमधला हवाईयन गिटारवादक जॉर्ज बीचम याने जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिराकडे मोठ्या आवाजाचं वाद्य मागितलं. डोपेराने लाकडी तबलीवर भिस्त न ठेवता आत ॲल्युमिनियमचे तीन पातळ कोन बसवले, स्पीकरच्या कागदी कोनासारखे. तारेचं कंपन घोडीतून कोनात आणि कोनातून हवेत. 1927 च्या सुमारास 'नॅशनल' कंपनीची ही ट्रायकोन गिटार बाजारात आली. पुढची गंमत अशी, की नॅशनलसाठी धातूची अंगं ठोकून देणाऱ्या ॲडॉल्फ रिकनबॅकरला हाताशी धरून याच बीचमने 1932 मध्ये चुंबकी पिकअपची 'फ्राइंग पॅन' गिटार विकायला काढली. कोनाच्या पोटावर पाय आणणारी वीज कोनवाल्यांच्याच घरातून निघाली!

"चमकते ती चांदी"

ट्रायकोनचं अंग बहुधा जर्मन सिल्व्हरचं असे. त्यात तांबं, निकेल, जस्त. चांदीचा कणही नाही. आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हणजे ॲल्युमिनियमचं. त्या हिशेबाने या गिटारीचं अंग एका जर्मनचं आणि आतले कोन आजीच्या जर्मनचे! डायर स्ट्रेट्स या बँडच्या 'ब्रदर्स इन आर्म्स' (1985) या अल्बमच्या मुखपृष्ठावर आभाळात तरंगणारी मार्क नॉफ्लरची नॅशनल 'स्टाइल ओ' तर पितळी आहे, वर निकेलचा मुलामा.

"सगळ्या डोब्रोच"

डोब्रो ही डोपेरा भावांची नंतरची, वेगळी कंपनी. नाव 'डोपेरा ब्रदर्स'वरून. शिवाय स्लोव्हाकमध्ये या शब्दाचा अर्थ 'चांगलं'. एका कोनाच्या नॅशनलमध्ये कोनाचं टोक वर असतं आणि त्यावर बिस्किटाएवढी लाकडी चकती. डोब्रोत कोन वाडग्यासारखा उताणा, त्यावर आठ पायांचा कोळी, आणि अंग बहुतेक लाकडी. नॅशनलचा सूर अंगावर येतो, डोब्रोचा लांबतो.

"पिकअप बसवला की तोच आवाज मोठा होतो"

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. चुंबकी पिकअपला कोन ऐकूच येत नाही. चुंबकाच्या क्षेत्रात लोखंडी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, बस्स. कोनाचा परिणाम पोचतो तो आडवाटेने. कोन तारेची ताकद झपाट्याने खाऊन टाकतो, म्हणून सूर ठणकन उठतो आणि लवकर विरतो. हे विरणं पिकअप टिपतो. पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो टिनपाट-गोड, नाकातला नाद हवेतच राहतो. तो हवा असेल तर घोडीखाली पिएझो लावावा, नाहीतर समोर माइक ठेवावा.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मोझराइट कंपनीने डोब्रोच्या नावाखाली 'कॅलिफोर्नियन' ही पातळ अंगाची इलेक्ट्रिक रेझोनेटर काढली. अनेकांना ती ना धड डोब्रो ना धड इलेक्ट्रिक वाटते. मला ती आवडते, मात्र तिसरंच वाद्य म्हणून. हिचा आवाज फार चढवला की ती शिट्टी मारू लागते, कारण कोन हा पडदाच आहे. अँपचा आवाज तो झेलतो आणि तारांना परत हलवतो. त्याला बिघाड समजून पिकअप बदलू नका.

"जुनी आहे, थोडी झणझणणारच"

झणझण वयाची नसते. बहुतेकदा कोन कडेला नीट टेकलेला नसतो, झाकणाचा स्क्रू ढिला असतो, किंवा कोन मधोमध खचलेला असतो. बोटाने दाबला तर चेपेल इतका तो पातळ. वर पिढ्यान् पिढ्या तारांचा दाब. खचलेला कोन बदलणं हा गुन्हा नव्हे, मात्र जुना कोन केसमध्ये जपून ठेवावा. गुन्हा म्हणायचाच तर नंतर पिकअपसाठी पाडलेलं भोक, आणि जुना मुलामा घासून केलेली नवी चकाकी. तारा नेकपासून फार वर गेल्या असतील तर घोडी तासू नका. नेकचं लाकूड अंगातून आरपार गेलेलं असतं, खरी दुरुस्ती तिथल्या पाचरांत असते आणि ती जाणत्या कारागिरानेच करावी.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना होणारी खरखर मात्र किरकोळ. ती बटणाखालच्या पॉटच्या, म्हणजे फिरत्या रोधकाच्या, आतल्या पट्टीवर बसलेल्या मळाची असते, क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत जाते. मागचं झाकण उघडलंच आहे तर त्या पॉटवरचा आकडाही वाचून घ्या. 1376712 म्हणजे सीटीएस कंपनी, 1967 सालचा बारावा आठवडा. गिटार त्याआधीची सांगून कुणी भाव चढवत असेल तर विचारायचं, पॉट बदललाय का? आणि हे सगळं अँपची वायर लावण्याआधी. आधी नुसती वाजवा, कान जाळीला लावून.