एक किलो वजनाच्या उपग्रहाचा कारभार

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने जे वीस उपग्रह कक्षेत नेऊन सोडले, त्यांत कार्टोसॅट-२ मालिकेतील भारदस्त उपग्रहाच्या सोबतीला दहा सेंटिमीटर बाजूचा, सुमारे एक किलो वजनाचा एक ठोकळाही होता. १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुमारे आठ वर्षे खपून सिद्ध केलेल्या या उपग्रहाचे नाव ‘स्वयम्’. आणि एका हौशी रेडिओधारकाचा निरोप दुसऱ्याकडे पोचवावा, एवढीच त्याची योजिलेली कामगिरी.

सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करणारा असा उपग्रह पुण्याच्या माथ्यावर आला, की सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर वसलेल्या दुधनीच्या आकाशातही तो क्षितिजाच्या बराच वर असतो. मात्र उदयापासून अस्तापर्यंत मुदत मिळते ती फार तर दहा-बारा मिनिटांची. दुधनीच्या बाजारपेठेत तुरीची आवक जोरात असताना अडतीच्या पेढीवरचा मुनीम ज्या काटकसरीने रोजकीर्द लिहितो, वाटेल तो तपशील न घेता हिशेबाला लागेल तेवढाच घेतो, त्याच वृत्तीने या यंत्राची आज्ञावली लिहावी लागते.

कारण जागाच अत्यल्प. लहान यंत्रांच्या कामी सर्रास येणाऱ्या एटीमेगा-१२८ या मायक्रोकंट्रोलरचेच उदाहरण घेतले, तर आज्ञावलीसाठी १२८ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघे ४ किलोबाइट. या ४ किलोबाइटांत प्रस्तुत लेखाचा देवनागरी मजकूरदेखील मावणार नाही. अपोलो यानातील मार्गदर्शक संगणकाला १९६९ साली चालू कामासाठी २०४८ शब्दांचीच स्मृती होती, आणि तेवढ्यावर माणसे चंद्रावर उतरली, हे आठवले म्हणजे या मर्यादेचे भय उरत नाही. परंतु तिच्याविषयीचा आदर मात्र वाढतो.

प्रक्षेपकापासून विलग झाल्यावरचा पहिला अर्धा तासच पाहावा. शेजारच्या उपग्रहांना इजा होऊ नये म्हणून या काळात अँटेना उलगडण्यास मनाई असते, म्हणून आज्ञावली निमूटपणे वेळ मोजीत राहते. मुदत भरली की विद्युतघटाची स्थिती तपासावयाची, पुरेशी वीज असल्यास अँटेनाला जखडून ठेवणारा बारीक दोरा तापलेल्या तारेने जाळावयाचा, तो खरोखरच तुटला की नाही याची रुजवात घ्यावयाची, आणि तुटला नसेल तर घट भरून आल्यावर पुन्हा तोच प्रयत्न करावयाचा. मध्येच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले, तर आपण कोठवर आलो होतो हे त्याला ठाऊक असावे, म्हणून प्रत्येक टप्प्याची नोंद वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत ठेवावी लागते.

त्यातच अंतराळातील एखादा विद्युत्भारित कण स्मृतीतला शून्याचा एक करून जातो. म्हणून महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती ठेवून बहुमताने निवाडा करतात. शिवाय वॉचडॉग नावाचा एक स्वतंत्र घटीयंत्रासारखा पहारेकरी नेमतात, ज्याला आज्ञावलीकडून ठराविक वेळी खबर मिळाली नाही, तर तो सारा संगणक बिनदिक्कत नव्याने सुरू करतो. दुरुस्तीला माणूस पाठविणे जेथे अशक्य, तेथे हाच बंदोबस्त.

तथापि ‘स्वयम्’मध्ये मला सर्वांत स्पृहणीय वाटते ती लिहिलेल्या आज्ञावलीहून न लिहिलेली आज्ञावली. उपग्रहाची दिशा सांभाळण्यासाठी सामान्यतः संवेदकांची मोजमापे, गणिते आणि चुंबकीय वेटोळ्यांना अखंड हुकूम, असा मोठा खटाटोप करावा लागतो. या विद्यार्थ्यांनी ते काम स्थायी चुंबकांवर सोपविले. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी ते आपणहून जुळून राहतात, आणि डोलणे शमविण्यास हिस्टेरिसिस गुणाच्या दांड्या पुऱ्या पडतात. त्यास वीज लागत नाही, स्मृती लागत नाही आणि चुकण्यास आज्ञेची एक ओळही नसते. दिशेची अचूकता यात काहीशी कमी पडते हे खरे, पण निरोप्याला छायाचित्रकाराची नजर असण्याची गरज नसते. कोणते काम पत्करावयाचे नाही, हे इतक्या नेमकेपणाने ठरविण्यासाठी पदार्थविज्ञान आणि आज्ञालेखन या दोहोंची जाण लागते, आणि ती पुण्याच्या विद्यार्थ्यांनी दाखविली.

त्याच वर्षी, २६ सप्टेंबरला, मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोंचा ‘प्रथम’ हा उपग्रह आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची गणना करण्यास गेला. या विद्येस लागणारा मायक्रोकंट्रोलर आज बाजारात थोडक्या रुपयांत मिळतो. तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांनी निदान भूकेंद्र उभारून, माथ्यावरून जाणाऱ्या अशा उपग्रहांचे संकेत ऐकण्याची तजवीज आता करावयास हवी.