‘जय शिवराय’ कुठल्या रकान्यात?

“मॅडम, ‘जय शिवराय’ कुठल्या रकान्यात टाकू?”

नववीतल्या एका पोराने हे विचारलं, तेव्हा पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की त्याला दोनदा विचारावं लागलं. फळ्यावर मी तीन रकाने आखले होते : बाजूने, विरोधात, दोन्ही नाही. तासाभरात काम उरकेल असं मला वाटलं होतं. या प्रश्नाने गाडं अडलं, कारण जमवलेल्या प्रतिक्रियांत सगळ्यांत जास्त भरणा याच दोन शब्दांचा होता.

मी राहते भोरला आणि शिकवते वेल्हे तालुक्यात. कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर करत रोज मार्गासनी-विंझरच्या रस्त्याला लागते. या तालुक्याला आता राजगड म्हणायचं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नामांतराला मंजुरी दिली. त्याआधी तालुक्यातल्या ७० पैकी ५८ ग्रामपंचायतींनी बाजूने ठराव केले होते आणि २०२१ मध्ये जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेतही विषय मंजूर झाला होता. म्हणजे लोकांचं म्हणणं गोळा करण्याची सरकारी रीत पार पडली होती. पण ठरावात एका गावाचं एकच मत उमटतं. त्याच गावातली माणसं फेसबुकवर काय बोलतात, ते मला पोरांकडून वाचून घ्यायचं होतं. म्हणून त्या पावसाळ्यात मी साधी पोस्ट टाकली : “तालुक्याला राजगड नाव द्यायचं ठरलं. तुम्हाला काय वाटतं?”

पहिली अडचण मोजण्यातच आली. पोस्टखाली दिसणारा आकडा आणि पोरांनी मोजलेला आकडा जुळेना. मग एकीच्या लक्षात आलं की फेसबुक सगळ्या कमेंट आपणहून दाखवतच नाही. त्याला महत्त्वाच्या वाटतात त्या वर आणतं आणि बाकीच्या झाकून ठेवतं. सगळ्या दाखव असं वेगळं सांगावं लागतं. शिवाय कमेंटखालच्या उत्तरांचे धागे एकेक करून उघडावे लागतात. म्हणजे कंपनीने निवडून वाढलेलं ताटच आपण अख्खी पंगत समजत होतो.

मग नियम ठरवले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. अमुक तारखेच्या संध्याकाळपर्यंत आलेलंच धरायचं. नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. वेळ लिहायची. मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट. एकाच माणसाने पाच वेळा लिहिलं तर तो माणूस एक. तोच फॉरवर्ड चार जणांनी चिकटवला तर माणसं चार, पण मजकूर एक, तशी खूण करायची. आणि ‘जय शिवराय’? त्यावर वर्गात भांडण झालं. एक जण म्हणाला, हा होकारच. दुसरी म्हणाली, “माझे चुलते तर वाढदिवसाच्या पोस्टलापण तेच लिहितात. तो रामराम आहे, मत नाही.” शेवटी ठरलं की नुसतं तेवढंच असेल तर ‘दोन्ही नाही’. काही पोरं दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीत.

टोमण्यांचं दुखणं वेगळंच. “वा, एक नंबर! नाव बदललं, आता रस्त्याचे खड्डेपण बुजले असतील!” यात शब्द सगळे कौतुकाचे आहेत आणि माणूस मात्र वैतागलेला आहे. बरं, तो नावावर वैतागलाय का? नाही, रस्त्यावर. अशा कमेंटी इतक्या निघाल्या की आम्ही चौथा रकाना आखला : ‘बोलणं दुसऱ्याच गोष्टीचं’. त्यात रस्ता होता, रेंज होती, एसटी होती. माझ्या मते सगळ्या वहीत वाचण्यासारखा तोच रकाना.

यंत्रालाही नेमकं हेच जड जातं. पुण्यातल्या एल थ्री क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विट माणसांकडून वाचून घेऊन सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशी लावली. पुढच्या वर्षी द्वेषाची भाषा ओळखण्यासाठी २५ हजारांहून जास्त ट्विटचा दुसरा संच केला. अशा संचांवर संगणकाला मराठीतला सूर ओळखायला शिकवतात. म्हणजे यंत्राच्या आधी कुणीतरी आमच्या पोरांसारखंच रकान्यांवरून डोकं खाजवलेलं असतं. लाखो प्रतिक्रिया असतील तर यंत्राला पर्याय नाही. पण यंत्र शिकतं ते माणसांनी केलेल्या खुणांवरूनच. खुणा करणाऱ्यांचंच आपसात जमत नसेल, तर ते तरी काय शिकणार?

म्हणून याही कामाची एक परीक्षा असते. दोघांनी एकमेकांचं न पाहता त्याच प्रतिक्रिया रकान्यांत टाकायच्या आणि किती जुळल्या ते पाहायचं. त्यातही मेख आहे : दोघांनी डोळे मिटून खुणा केल्या तरी काही जुळणारच. जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही योगायोगाची जुळणी वजा करून खरी जुळणी किती, ते काढायचं गणित मांडलं. त्याला ‘कप्पा’ म्हणतात. पोरांना नाव फार आवडलं, कारण आम्ही कप्पेच तर पाडत होतो. आमची जुळणी पहिल्या खेपेला वाईट निघाली. पोरांचा त्यात दोष नव्हता, माझे रकाने ढिसाळ होते.

याच सुमाराला भोरमध्ये मी दुसरा धडा शिकले. पावसाळ्यात आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो : “वरंधा घाट चालू आहे का?” महाडला उतरायचं तर हीच वाट, आणि दरडींमुळे ती बंद होते. एका सकाळी झाडून सगळे ‘चालू आहे’ म्हणत होते. एकानेच लिहिलं, “आत्ताच दगड आलेत, मागे फिरलोय.” सोबत फोटो. इथे बहुमत मोजून निघालेला माणूस घाटात अडकणार. अशा प्रश्नाला शंभर उत्तरांपेक्षा ताजं आणि जागेवरचं एक उत्तर भारी. तेही तपासून घ्यायचं, कारण गेल्या पावसाळ्यातल्या दरडीचा फोटो यंदा पुन्हा फिरतो.

तेव्हा कुठे मला उलगडलं. उत्तरं मोजायची की तोलायची, हे प्रश्नावर ठरतं. घाट चालू आहे का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न, तिथे कोण कुठून बोलतंय ते तोलायचं. नाव आवडलं का, हा मताचा प्रश्न, तिथे मोजायचं. पण मोजताना आधी विचारायचं की न बोललेले कोण?

अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ मध्ये हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी एक कोटीच्या आसपास मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि त्यांच्या भरवशावर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन निवडून येणार असं छापलं. ४८ पैकी ४६ राज्यं समोरच्या रूझवेल्टने जिंकली. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदीतून घेतलेले होते. ज्यांच्याकडे फोन नाही, गाडी नाही, ते मोजणीतच नव्हते. शिवाय पत्रिका भरून पाठवायची हौस सगळ्यांना सारखी नसते.

आमच्या वहीत हीच गोष्ट वेळेच्या रकान्याने सांगितली. बहुतेक प्रतिक्रिया रात्री नऊनंतरच्या. पोरांनी ओळखीची माणसं ताडली : कुणी पुण्यात धनकवडीला राहतो, कुणी मुंबईला. गाव सोडलेला माणूस रात्री घरी येऊन गावच्या नावावर लिहितो. गावात राहणारा त्या दिवसांत भातलावणीत गुडघाभर चिखलात असतो, आणि डोंगराच्या आडोशाला त्याच्या फोनला रेंज नसते. आमची पोस्ट वेल्ह्याबद्दल होती, पण बोललं होतं पुणं.

मग पोरांनी वह्या घेतल्या आणि आपापल्या वाडीत विचारलं. तोरण्याच्या पायथ्याला राहणाऱ्या एकाने आजीचं उत्तर लिहून आणलं : “राजगड नाव चांगलंच हाय. पन आमच्या दारात तोरणा उभाय. म्हाराजांनी आधी त्योच घेतला न्हवं?”

दोघांनी ते वेगवेगळं वाचलं. एकाने ‘बाजूने’ लिहिलं, दुसरीने ‘विरोधात’. मी म्हणाले, दोन्ही खोडा आणि वाक्य तक्त्याखाली आहे तसं लिहा.

पोराने आणखी एक सांगितलं. आजीने आधी त्यालाच विचारलं होतं, “कुठं पाठवनार हे?” “कुठं नाही, शाळेत.” “मग लिही.” फेसबुकवरच्या एकालाही आम्ही हे सांगितलं नव्हतं. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून सूट आहे, हे खरं. पण तिथे बोललेलं उचलून वर्गात वाचून दाखवायचं, तेही नावानिशी, हे कायद्यात बसलं तरी रीतीत बसत नाही.

म्हणून या लेखात तिचं वाक्य घालण्याआधी मी त्या पोराला पुन्हा आजीकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो निरोप घेऊन आला : “छाप म्हणावं. नाव नगं घालू.”