पिल्लांच्या शेडला फोमचं अस्तर



ठाकुरवाडीतलं जुनं घर आठवा. कारवीचा कुड, त्यावर शेणामातीचं लिंपण आणि वर गवताचं छप्पर. वैशाखात आत गारवा, पौषात ऊब. आता घरावर पत्रा आला, कोंबड्यांच्या शेडवरही आला. पत्रा दरवर्षी शाकारावा लागत नाही, हे खरं. पण तो दुपारी तव्यासारखा तापतो आणि रात्री तितकाच गार पडतो. ही उणीव मग आपण विजेने भरून काढतो.

गवतात असं काय होतं? त्याच्या काड्यांत हवा अडकून राहते, आणि न हलणारी हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. गोधडीची ऊबही याच कारणाने. फोम किंवा थर्माकोल म्हणजे अशाच अडकलेल्या हवेचे बारीक फुगे. एक इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट सुमारे तीन फूट जाड लागेल.

याचा खरा उपयोग थंडीत नवी पिल्लं आणल्यावर होतो. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी चालते. थंडीत पिल्लामागे २ वॅट असा बल्बचा हिशेब धरतात. म्हणजे २०० पिल्लांना ४०० वॅट. दिवसरात्र बल्ब पेटते राहिले तर दहा दिवसांत ९६ युनिट जळतात. ऊब पत्र्यातून निघून न गेल्यामुळे ३०० वॅटवर भागलं, तर २४ युनिट वाचतात. एलईडी दिवा मात्र या कामाचा नाही; तो उजेड देतो, पुरेशी ऊब देत नाही.

अस्तर असं लावा :

१. सगळ्या शेडला खर्च करू नका. पिल्लांच्या कोपऱ्यावर छत केलंत तरी पुरे.

२. एक इंची थर्माकोल पत्र्याखाली दोन-तीन इंच जागा सोडून बसवा. सांधे चिकटपट्टीने बंद करा.

३. खालून बांबूची तट्टी ठोका. कोंबड्या थर्माकोल टोचून खातात आणि उंदीर त्यात घर करतात.

४. बल्ब थर्माकोलपासून निदान दोन हात लांब, साखळीने किंवा तारेने पक्का टांगा. थर्माकोल घेताना आग लवकर न धरणारा प्रकार मागा.

ही चौथी सूचना विसरू नका. एका वाडीत मी गेलो तेव्हा बल्बला टेकलेला थर्माकोल वितळून खालच्या तुसावर ठिबकत होता. घरची बाई वेळेवर धावली म्हणून शेड वाचली. थर्माकोल पेटला तर धूर विषारी असतो. तिथे चूल, विडी, काडी काही नको.

दुसरी चूक म्हणजे ऊब राखायची म्हणून शेड गच्च बंद करणं. विष्ठेतून निघणारा वायू पिल्लांच्या डोळ्यांना आणि छातीला बाधतो. आत गेल्यावर आपले डोळे झोंबले, तर समजा हवा कोंडली आहे. पडद्याची वरची वीतभर फट उघडी ठेवा.

ऊब बरोबर आहे का, ते पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर उकडतं आहे. सगळीकडे पांगून खात-पीत असली म्हणजे बरोबर.

फोमला पैसे नसतील तर? आपल्या भाताचा पेंढा आहेच. उन्हाळ्यात पत्र्यावर वीतभर जाड पसरून दोरीने बांधा. वाडीत एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढ असते. बायकांनी लांबून डोक्यावर आणलेलं पाणी छपरावर शिंपडू नका. कोरडा पेंढाही ऊन अडवतो. मात्र ठिणगीपासून जपा, आणि मृगाआधी तो उतरवा. भिजलेल्या पेंढ्यात हवेऐवजी पाणी भरतं, मग तो उष्णता अडवत नाही आणि कुजतोही.

तेव्हा बंधूंनो, पिल्लं आणायच्या आठ दिवस आधी छत तपासा. आधी ऊब अडवा, मग बल्ब मोजा.