गल्लीत तापते, हायवेवर नाही

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. तिथल्या दाना ओलीच्या गल्लीत शिरलेली मोटार हातगाड्या आणि ई-रिक्षांमागे मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि काटा लाल खुणेकडे निघतो. उन्हाने तापली, असं सगळे म्हणतात. ऊन भर घालतं, पण खरा दोषी दुसराच. चालू इंजिनातलं कूलंट एरवीही 90 अंशांच्या आसपास असतं. त्याच्यापुढे 45 अंशांची हवासुद्धा थंडच. फक्त ती रेडिएटरमधून वाहती हवी. गर्दीत ते काम एकट्या पंख्यावर पडतं.

म्हणून गाडी कुठे तापते हे आधी विचारावं. लष्कर भागातल्या गल्ल्यांत तापते आणि झाशी रस्त्याला लागताच काटा खाली येतो, तर पंख्याची मोटर, रिले, फ्यूज तपासा. साठ-सत्तरच्या वेगात समोरून येणारा वाराच पुरतो. हायवेवर तापत असेल तर मात्र पंख्याला बोल लावू नये. तिथे रेडिएटर चोक झालेला, कूलंट कमी, वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंप) थकलेली किंवा थर्मोस्टॅट अडकलेला निघतो.

पंखा सतत फिरायलाच हवा, हा समज ॲम्बॅसडरच्या काळातला. तिचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असे. 1983 साली मारुती 800 आली, इंजिन आडवं बसलं आणि पंखा विजेवर गेला. असा पंखा कूलंट साधारण 95 ते 100 अंशांवर पोहोचल्यावरच लागतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फिरतो. तो बिघाड नव्हे, पण बॉनेटखाली हात घालणाऱ्याने जपावं. एसी लावून पाहा: बहुतेक गाड्यांत पंखा लगेच सुरू होतो. तसा झाला आणि एरवी लागत नसेल, तर मोटर ठीक आहे, सेन्सरकडे वळा. मोटर बदलताना तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटाही फिरू शकतो. फिरतोय म्हणून सगळे निर्धास्त, गाडी मात्र तापतेच.

‘वॉल्व निकाल दो, ठंडी रहेगी’ हा गॅरेजातला लाडका सल्ला. वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढला की जानेवारीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो; तो नसला की बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून परततं, आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते.

कूलंट बर्फाच्या मुलखासाठी, आपल्याला नळाचं पाणी चालतं, हेही खरं नाही. कूलंट गंज रोखतं आणि उकळबिंदू वाढवतं. जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात. रेडिएटरचं झाकणही निव्वळ झाकण नाही. साधारण एक बार दाब धरून ते साध्या पाण्यालाही जवळपास 120 अंशांपर्यंत उकळू देत नाही. म्हणूनच गरम असताना उघडलं की वाफेचा फवारा अंगावर येतो.

आणि तापलेल्या गाडीचा काटा एकदम खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो, काटा खोटं सांगतो. लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका.