सांगाडा एकाचा, काळीज दुसऱ्याचं

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट लागतो, खामगावकडे निघालं की ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथ्याचा घाट. जिल्ह्याचं ठिकाण अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आणि खाली पूर्णेचा काळ्या मातीचा सपाट पट्टा, अशी इथली रचना. या वरच्या-खालच्या मुलखांमध्ये माणसं आणि माल वाहून नेणाऱ्या जुन्या जीपांचं बॉनेट कधी उघडून पाहिलं, तर बाहेरचा पत्रा आणि आत धडधडणारं इंजिन यांचं गोत्र एकच निघेल याची खात्री नसायची. सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचं, हौसिंग तिसरीचं. गॅरेजातल्या भाषेत याला ‘बसवून देणं’ म्हणतात. बसवण्याच्या या विद्येला आपल्याकडे जुगाड म्हणून डोक्यावर घेतलं जातं किंवा बेकायदा म्हणून झटकलं जातं. ती विद्या नेमकी काय आहे, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

परदेशात हाच उद्योग रीतसर छंद आणि धंदा म्हणून वाढला. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ ही गाडी सुट्या भागांच्या पेटाऱ्यात विकत मिळे, कारण तयार गाडीवर खरेदीकर होता आणि सुट्या भागांवर तो लागत नसे. लोक घरच्या शेडमध्ये गाडी जोडत. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स या होड्या बांधणाऱ्या कारागिराने फायबरग्लासची ‘मेयर्स मँक्स’ काढली. तिच्या पुढच्या आवृत्तीची बॉडी फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बसे. पण त्याआधी त्या सांगाड्याची लांबी सुमारे ३६ सेंटिमीटरने कापून पुन्हा जोडावी लागे. अंगरख्याच्या मापात माणूस कापावा, तसाच हा प्रकार. तरी तो यशस्वी ठरला, कारण काय कापायचं, कुठे कापायचं आणि कुठे जोडायचं याचं माप आधी ठरलेलं होतं.

कारखान्यानेच केलेली मोट

आपल्याकडची गोष्ट जीपपासून सुरू होते. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांपर्यंत पळणारं. पुढे पेट्रोल महागलं आणि खुद्द कंपनीनेच जीपमध्ये डिझेल इंजिनं घातली. त्यांतलं एक इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं होतं. नांगराला जुंपलेलं इंजिन रस्त्यावर आलं, असं म्हणायला हरकत नाही.

यात कुठे काय बिघडतं, ते साध्या हिशेबाने कळतं. जुन्या विलीजच्या मागच्या हौसिंगचं, म्हणजे शाफ्टची फेरी चाकांना पोचवणाऱ्या मागच्या गिअरपेटीचं, गुणोत्तर ५.३८ होतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टने ५.३८ फेऱ्या मारायच्या. चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास. टॉप गिअरमध्ये पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ जाते. त्याच जागी २,५०० फेऱ्यांना दमणारं डिझेल इंजिन बसवलं, तर तीच गाडी साठ-बासष्टला थांबते. इंजिनात ताकद भरपूर, पण वेग नाही. मग मालक हौसिंग बदलतो. हौसिंग बदललं की शाफ्टची लांबी बदलते, शाफ्टचा कोन बदलला की त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात आणि पन्नासच्या पुढे गाडी थरथरू लागते. बसवून देणारा कारागीर या साखळीतली एक कडी बदलतो. पुढच्या कड्या वर्षभर मालकाला गॅरेजात बोलावत राहतात.

देवराष्ट्रेची गाडी

महाराष्ट्रात अलीकडे गाजलेलं याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचं. दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातल्या भागांतून, सुमारे साठ हजार रुपयांत, मुलासाठी छोटी जीप बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते आणि तिचं स्टेअरिंग डाव्या हाताला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचा व्हिडिओ पाहून जाहीर कौतुक केलं. त्याच दमात, ही गाडी कोणत्याही नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या दारात आली.

गाव हरखलं आणि ते योग्यच होतं. पण या गोष्टीत अभियांत्रिकीचा खरा मुद्दा मागेच राहिला. किक मारून सुरू होणारं दुचाकीचं इंजिन सहसा उघड्या हवेत, वाऱ्याच्या झोतात थंड राहण्यासाठी बनवलेलं असतं. असं इंजिन पत्र्याच्या बॉनेटखाली कोंडलं की त्याला पंखा किंवा हवेची वेगळी वाट द्यावी लागते. दुचाकीला रिव्हर्स गिअर नसतो. चारचाकी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. ते फरक सांभाळणारं यंत्र, म्हणजे डिफरेन्शियल, दुचाकीत लागतच नाही. हे सगळं बाहेरून आणून जुळवावं लागतं. फारशा साधनांशिवाय, भंगारातून गाडी चालती करणं ही हुशारी आहेच. ती हुशारी मापाच्या पट्टीशी जोडली गेली असती तर काय झालं असतं, एवढंच मनात येतं.

तसं एकदा होण्याच्या बेतात होतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीचा पहिला नमुना बनवला आणि पुढची दोन दशकं ते तो सुधारत राहिले. मागे बसवलेलं, हवेवर थंड होणारं इंजिन आणि स्प्रिंगांऐवजी रबरी निलंबन. त्यांनी दुसऱ्याच्या सांगाड्यात इंजिन कोंबलं नाही. गाडीच्या वजनाला धरून इंजिन आणि इंजिनाला धरून सांगाडा आखला. मीरा मोठ्या प्रमाणावर कधीच तयार झाली नाही. तिच्यामागची शिस्त मात्र आजही गॅरेजातल्या कुठल्याही माणसाला शिकता येईल अशी आहे.

न दिसणारे जोड

ती शिस्त पाच ठिकाणी मोडते. पहिलं, इंजिनाचं फाउंडेशन: रबराचा गुटका चुकीच्या कोनात बसला की हादरा सरळ सांगाड्यात उतरतो. दुसरं, वजनाची वाटणी: पुढे जड इंजिन आलं की स्टेअरिंग जड होतं आणि मागची चाकं ब्रेक लावताच सरकतात. तिसरं, ब्रेक: वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि घाट उतरताना ती सगळी ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. चौथं, बॉडी आणि सांगाडा यांच्यातली जागा. खड्ड्यात एक चाक उतरलं की शिडीसारखा सांगाडा पिळवटतो. बॉडी त्याला घट्ट वेल्ड केली असेल तर पीळ पत्र्यात जातो, दारं लागेनाशी होतात आणि शेवटी जोड फुटतो. म्हणून मध्ये रबराचं पॅकिंग लागतं. पाचवं, टाकी आणि डिझेलच्या नळ्या: त्या धक्क्याच्या वाटेत नकोत.

एसटीला हे चांगलं ठाऊक आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा ताफ्यात बेडफर्ड, शेवर्लेटपासून अल्बियनपर्यंत दहा निरनिराळ्या बनावटींच्या गाड्या होत्या. महामंडळाने पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या केल्या. कंपनीकडून चेसिस घ्यायचं आणि बॉडी आपण बांधायची, ही पद्धत तिथे रुजली. निरनिराळ्या कंपन्यांच्या चेसिसवर एकाच मापाची बॉडी बसवण्याचं काम तिथे पिढ्यानपिढ्या झालं.

बॉडी बांधणाऱ्याच्या निर्णयाला किती मोल असतं, हे बुलढाणा जिल्ह्याने १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर पाहिलं. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस धडकून डाव्या अंगावर उलटली आणि पेटली. २५ जणांचा मृत्यू झाला. दरवाजा ज्या बाजूला, तीच बाजू खाली गेली. जे वाचले, त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. अपघाताचं कारण शोधणं तपास यंत्रणेचं काम. आपल्यासाठी प्रश्न एवढाच, की बस आडवी झाली तर माणसं कुठून बाहेर पडतील, याचं उत्तर बॉडी बांधतानाच द्यावं लागतं. बसबांधणीच्या मानकांत संकटकालीन दरवाज्यांचे नियम आहेत, ते याच कारणाने.

कायदा आणि काटा

मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारने ठरवून दिलेल्या काही बदलांना परवानगी आहे. पण संपूर्ण नवी गाडी बांधून रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेकडून तिचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. घरच्या शेडमधल्या कारागिराला तो खर्च झेपणारा नाही. म्हणजे कायदा ‘नाही’ म्हणतो आणि कारागीर तरी करतोच, अशी ही कोंडी.

ती थोडी सैल करण्याचं साधन जिल्ह्यातच आहे. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआयमध्ये जोडारी आणि मोटार मेकॅनिकचे वर्ग चालतात. वर्षातून दोन दिवस या कार्यशाळा गावोगावच्या मिस्त्रींसाठी उघडा आणि पाइपाचा जोड ताणून, वाकवून, फोडून दाखवा. रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या सुधारतील. आणि तोवर एक उपाय प्रत्येकाच्या हाताशी आहे. खामगाव, मलकापूरच्या कापूसपट्ट्यात जिनिंगपाशी वजनकाटा असतो. इंजिन बदललेली किंवा बॉडी बांधलेली गाडी आधी नुसती पुढच्या चाकांवर काट्यावर घ्या, मग नुसती मागच्या चाकांवर, आणि दोन्ही आकडे मूळ गाडीच्या आकड्यांशी ताडून पाहा. काट्याचा खर्च थोडका आहे. आकडे जुळले नाहीत, तर ती गाडी घाटात उतरवू नका.