चार डॉलरचा आवाज

शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ब्रंचचे आणि लोणावळ्याचे फोटो पडत असतात. आणि मी? मी हातात सुती ग्लोव्हज घालून दहा इंचाच्या एका काळ्या तबकडीकडे बघत बसलेला असतो. वाजवत नाही हं, नुसता बघतो. आईच्या मते ती रद्दी आहे. बायकोच्या मते हा आजार आहे.

आजाराचं नाव ॲसिटेट.

व्हिनाइल आता पुन्हा फॅशनमध्ये आलंय, ते तुम्हाला माहीत असेलच. ॲसिटेट म्हणजे त्याचा अल्पायुषी भाऊ. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर (नेलपॉलिशमध्ये असतं तेच!) आणि त्यावर मशीनने थेट कोरलेला आवाज. कारखान्यात हजारो प्रती छापण्याआधी गायकाला, निर्मात्याला, रेडिओवाल्याला ‘ऐकून बघा’ म्हणून द्यायची ही ट्रायल कॉपी. एखादीच, फार तर मूठभर. आणि थर इतका मऊ, की दर वेळी सुई थोडा थोडा आवाज खरवडून नेते. म्हणजे ऐकाल तर गमवाल, जपायचं असेल तर ऐकायचं नाही. आहे की नाही त्रांगडं?

मला ही लागण झाली २०१६ साली. न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. वीकेण्डला करायला काही नसायचं, म्हणून जुन्या रेकॉर्डांबद्दल वाचत बसायचो. त्यात एक किस्सा सापडला. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एकाने ७५ सेंटला एक ॲसिटेट उचललं. ते निघालं ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ बँडच्या पहिल्या अल्बमचं सुरुवातीचं रूप! २००६ मध्ये ऑनलाइन लिलावात त्याला २५,२०० डॉलर मिळाले. झालं, आमची झोप उडाली.

पण खरा हीरो एल्विस प्रेस्ली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बायकोला घेऊन थेट मेम्फिस गाठलं. ७०६ युनियन ॲव्हेन्यूवरची ती छोटीशी इमारत आज ‘सन स्टुडिओ’ म्हणून टुरिस्टांनी भरलेली असते. १९५३ च्या उन्हाळ्यात तिथे ‘मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ची पाटी होती. कुणीही यावं, पैसे भरावेत, आपला आवाज तबकडीवर कोरून घरी न्यावा. अठरा वर्षांचा एल्विस असाच आला. साधारण चार डॉलर भरले, दोन गाणी म्हटली, तबकडी काखेत मारली. घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता, म्हणून ऐकायला एका मित्राकडे गेला आणि तबकडी तिथेच राहिली. जानेवारी १९५४ मध्ये पठ्ठ्या पुन्हा स्वतःचे पैसे भरून दुसरी कापून गेला. जुलैमध्ये स्टुडिओच्या सॅम फिलिप्सने त्याचं पहिलं व्यावसायिक गाणं रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच त्याचं ॲसिटेट मेम्फिसच्या रेडिओवर पुन्हा पुन्हा वाजलं, आणि पुढचं सगळं जगाला माहीत आहे.

मित्राकडे राहिलेली ती पहिली तबकडी ८ जानेवारी २०१५ रोजी, एल्विसच्या ऐंशीव्या जन्मदिनी, ग्रेसलँडमधल्या लिलावात तीन लाख डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने पावणेदोन कोटींच्या वर! घेणारा होता गायक जॅक व्हाइट. त्याने तिची हुबेहूब आवृत्ती काढून सर्वांना ऐकायला दिली.

ही सगळी आकडेवारी डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी तिथल्या जुन्या बाजारात शिरलो. एका म्हाताऱ्याच्या टेबलावर एक ॲसिटेट दिसलं. लेबलवर पेन्सिलने नुसतं ‘५३’. नाव नाही. म्हातारा खांदे उडवून म्हणाला, ‘इथलंच आहे, कुणाचं ते देव जाणे.’ किंमत सहाशे डॉलर. बायकोला कबूल केलेली नायगारा ट्रिप बरोब्बर तेवढ्यातच बसत होती. मी पैसे मोजले. तिला सांगितलं हॉटेलवर आल्यावर. त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

न्यू जर्सीला परतल्यावर जुन्या तबकड्या कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक माणूस शोधला. तो म्हणाला, योग्य सुईने एकदाच वाजवू आणि त्या एकदाच रेकॉर्ड करू. बायकोही आली होती, बहुतेक माझी फजिती बघायला. सुई टेकली. खरखर. मग एका मुलीचा आवाज. सतरा-अठरा वर्षांची असेल. सोबत पियानो. मध्येच चुकली, हसली, पुन्हा सुरुवात केली. शेवटी म्हणाली, ‘डॅडी, लवकर घरी या.’

एल्विस नव्हता. माझे सहाशे डॉलर बुडाले होते. मी बायकोकडे बघितलं, तर ती डोळे पुसत होती. म्हणाली, ‘आले असतील का रे ते?’

त्या क्षणी मला माझाच छंद कळला. १९५३ मध्ये एल्विसची तबकडी आणि या मुलीची तबकडी यांत काडीचा फरक नव्हता. दोन अनोळखी पोरं, आपला आवाज कसा लागतो ते ऐकायला आलेली. एकाची किंमत पुढे जगाने ठरवली, दुसरीची कुणी विचारलीच नाही.

तुम्हीही या नादाला लागणार असाल तर अनुभवाचे चार शब्द. मधल्या भोकाच्या कडेला धातू चमकतोय का बघा. लॅकरला तडे किंवा पांढरट बुरशीसारखा थर असेल तर ते वाजवू नका. लेबलवरच्या अक्षरावर आणि विक्रेत्याच्या गोष्टीवर पैसे लावू नका. आणि बायकोला आधी विचारा!

ॲसिटेटला उष्णता आणि दमट हवा चालत नाही, आणि आम्ही राहतो ठाण्यात. तबकडी कपाटात उभी ठेवलीय, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नायगारा अजून राहिलाच आहे. पण दर जूनमध्ये, पहिली सर यायच्या आत, मला आठवण करून दिली जाते, ‘अरे, त्या मुलीच्या पुड्या बदलल्यास का?’