क्षुब्ध मन, धावते हृदय आणि एक छोटी गोळी

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे विख्यात शल्यविशारद होऊन गेले. त्यांना हृदयशूळाचा विकार होता आणि स्वभाव शीघ्रकोपी होता. आपल्याला चिडवू पाहणाऱ्या कोणत्याही दुष्टाच्या हाती आपले प्राण आहेत, अशा अर्थाचे ते म्हणत, असे सांगतात. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या एका बैठकीत त्यांची वादावादी झाली आणि थोड्याच वेळात तेथेच त्यांचे निधन झाले. ज्यांनी नोकरीत बऱ्याच बैठका पाहिल्या आहेत, त्यांना या घटनेचे फारसे नवल वाटणार नाही.

चार कषायांत क्रोध पहिला. तो आत्म्याला कसा बांधतो, हे आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. तो हृदयाचे काय करतो, हे विज्ञानाला बऱ्याच उशिरा कळले. राग, भीती किंवा चिंता उद्भवताच मूत्रपिंडांवरील छोट्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन रक्तात सोडतात आणि मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन स्रवते. ठोके वाढतात, हृदयाचे आकुंचन जोरकस होते, हात थरथरतात, रक्तदाब चढतो. समोर वाघ असो वा केवळ हिशेब तपासणारा अधिकारी, शरीराची तयारी एकसारखीच होते.

ही रसायने पेशींवरील ज्या ठिकाणी किल्लीसारखी बसतात, त्या कुलपांचे 'अल्फा' आणि 'बीटा' असे दोन प्रकार आहेत, हे अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. त्या सिद्धांताचा खरा उपयोग केला तो स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. त्यांच्या वडिलांना हृदयशूळ होता आणि एका मोटार अपघातानंतर आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले होते. त्या काळी हृदयाचा रक्तपुरवठा कसा वाढवावा, याच दिशेने प्रयत्न चालत. ब्लॅक यांनी उलट विचार केला: पुरवठा वाढत नसेल, तर हृदयाची प्राणवायूची मागणीच कमी करावी. जमा वाढत नसेल तर खर्च आवरावा, हे तत्त्व आम्हा बँकेच्या माणसांना सहज पटावे असे आहे. बीटा कुलपांत आधीच बसून खऱ्या किल्लीची वाट अडवणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध त्यातून १९६० च्या दशकात आले. १९८८ चे नोबेल पारितोषिक ब्लॅक यांना गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासह विभागून मिळाले. आज आपल्या घराघरांतील औषधांच्या डब्यात असणारी ॲटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल ही त्याच कुळातील.

आता मूळ प्रश्न असा, की मनावर ताण आला असता ही गोळी नेमके काय थांबवते? जर्मनीतील ट्रिअर येथे १९९३ मध्ये ताणाची एक चाचणी तयार झाली. अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायचे आणि नंतर १०२२ मधून १३ वजा करीत तोंडी उलटे मोजत जायचे. चुकले की पुन्हा आरंभापासून. बीटा ब्लॉकर घेतलेल्या माणसाची नाडी अशा प्रसंगी फारशी धावत नाही आणि हाताचा कंपही कमी होतो. मात्र रक्तदाबाची चढण तितकीशी अडत नाही, कारण रक्तवाहिन्या आवळणारी अल्फा कुलपे मोकळीच असतात. कॉर्टिसॉल हा ताणाचा दुसरा स्राव वेगळ्या मार्गाने येतो, त्यालाही ही गोळी रोखत नाही. घाम तर येतोच, कारण घर्मग्रंथींना आज्ञा देणारे रसायन निराळे आहे. काळजीचा विचार मनात जसाच्या तसा राहतो. छातीतील धडधड तेवढी शांत होते.

तरीही 'आता बरे वाटते' असे अनेक जण सांगतात, आणि ते खोटे नाही. धडधड जाणवली की मन अधिक घाबरते आणि मन घाबरले की धडधड वाढते. हे चक्र गोळी एका ठिकाणी तोडते. ऑक्सप्रेनोलॉल या औषधाने वादकांची रंगमंचावरची भीती कमी होते, असे दाखवणारा प्रयोग १९७७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. नेमबाजीत ही औषधे निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग-सू यांची दोन पदके प्रोप्रॅनोलॉलमुळेच काढून घेतली गेली. यावरून स्फूर्ती घेऊन मुलाखतीस निघालेल्या मुलाच्या हाती आजोबांच्या डब्यातील गोळी ठेवणे मात्र सर्वथा अनुचित होय. मुलाला दमा असेल, तर प्रोप्रॅनोलॉलने श्वासनलिका आकुंचन पावून जिवावर बेतू शकते.

आपल्या समाजाने विशेष ध्यानी घ्यावयाची बाब याहून निराळी आहे. पर्युषणात वा दशलक्षणात उपवास धरला की अन्नाबरोबर औषधेही बंद करण्याची रीत घरोघरी दिसते. बीटा ब्लॉकर असे एकाएकी सोडणे धोक्याचे असते. दीर्घकाळ अडवलेली बीटा कुलपे शरीराने वाढवून ठेवलेली असतात. अडसर अचानक निघाला की नेहमीचे ॲड्रेनॅलिनही त्यांच्यावर जोराने आदळते. नाडी उसळते, हृदयशूळ उठतो, क्वचित झटकाही येतो. सोडायचेच असेल तर मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते, आणि त्यासाठी पर्वाच्या बऱ्याच आधी त्यांना भेटावे लागते.

मधुमेहींना दुहेरी सावधगिरी हवी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असता उपवास केला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. एरवी धडधड आणि थरथर यांवरून ते उमगते. बीटा ब्लॉकर ती चिन्हे झाकून टाकतो. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून उपवासात अकारण दरदरून घाम फुटला, तर 'उकाड्याचा असेल' असे न म्हणता साखर तत्काळ तपासावी.

पच्चक्खाणाच्या पाठातच आगारांची, म्हणजे सवलतींची तरतूद आहे आणि प्रकृती बिघडून समाधी ढळू नये म्हणून औषध घेण्याचा आगार त्यांत आहे. महाराज साहेबांना वा महासतीजींना आपली औषधे आधी सांगितली, तर ते स्वतःच एकासणे किंवा बियासणे सुचवतात, असा माझा अनुभव आहे. चौविहार पाळणाऱ्यांची रात्रीच्या गोळीची अडचणही सुटण्याजोगी आहे. मेटोप्रोलॉलचा दिवसभर हळूहळू विरघळणारा प्रकार मिळतो. तो नवकारशीनंतर एकदाच घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. ती गोळी चावून किंवा कुटून घेऊ नये, नाहीतर दिवसभराचे औषध एकदमच रक्तात उतरते.